लार टीहनने जिंकलेला सामना

आमच्या गावात एका माणसाशी कुणी बोलत नसे. लॉरेन्स टीहन त्याचं नाव. सगळे त्याला लार म्हणायचे, तेही तो समोर नसताना. सात-आठ वर्षांची होईपर्यंत मी त्याला मुकाच समजत होते. मग एका रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर तो स्वतःशीच म्हणाला, "वारा पूर्वेचा आहे आज." मी इतकी दचकले की आईचा हात घट्ट धरला. आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चल," एवढंच म्हणाली.

टीहनांचं घर सुतारांचं. खुर्च्या, चाकं, शवपेट्या, सगळं करायचे. पण नाव होतं हर्लिंगच्या काठ्यांसाठी. हर्लिंग म्हणजे टोकाशी वळलेल्या काठीने चेंडू मारत खेळायचा आम्हा आयरिश लोकांचा जुना खेळ. अ‍ॅशच्या झाडाचा बुंधा मुळाशी जिथे वळतो, नेमका तिथलाच तुकडा काढायचा, म्हणजे काठीचं वळण लाकडाच्या रेषांबरोबर येतं. लारच्या बापाला हे झाडाच्या सालीवर हात ठेवून कळायचं, आणि लारला बापापेक्षा लवकर कळायला लागलं. त्याच दुकानात क्रिकेटच्या बॅटी दुरुस्तीला यायच्या. कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे. उन्हाळ्यात गवत कापून झालं की कापणी सुरू होईपर्यंत गावातले पुरुष जमीनदाराच्या मोठ्या घराच्या मैदानावर क्रिकेट खेळायचे. मेंढपाळ, लोहार, दूध काढणारे, खाणीत दगड फोडणारे. हिवाळ्यात तेच पुरुष हर्लिंग खेळायचे. क्रिकेट गावात कुणी आणलं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. लारचा आजोबा खेळायचा आणि पंचाशी आयरिशमध्ये भांडायचा, कारण इंग्रजीत भांडण्याइतकी इंग्रजी त्याला येत नव्हती.

मग देशाचं वारं फिरलं. गेलिक, म्हणजे अस्सल आयरिश, खेळांच्या संघटनेने नियम केला की जो परक्यांचे खेळ खेळेल, त्याला हर्लिंगमध्ये जागा नाही. परक्यांचे म्हणजे इंग्रजांचे. पॅरिशची, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची, हर्लिंग समिती माणसं पाठवून बघायला लागली, कोण कुठे खेळतोय. बऱ्याच जणांनी क्रिकेट सोडलं. काही जण खोट्या नावाने खेळत राहिले. लार त्यातलाच.

१९०८ साली, हर्लिंगच्या जिल्ह्याच्या अंतिम सामन्याआधी दोन आठवडे, समितीने त्याला शाळेच्या खोलीत बोलावलं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा, आणि हर्लिंगमध्ये त्याच्या तोडीचा बचाव करणारा आसपासच्या चार पॅरिशमध्ये नव्हता. समोर बसला होता कॉन होलोहन. शाळेत मास्तर, हर्लिंग टीमचा कप्तान, आणि लहानपणापासूनचा लारचा दोस्त.

"तू शनिवारी थॉमसटाऊनच्या बाजूला क्रिकेट खेळलास," कॉन म्हणाला. "धावांच्या वहीत मर्फी असं नाव आहे. पण ती डावरी बोलिंग कुणाची ते आंधळ्यालाही कळेल."

"मग मर्फीला बोलवा. मला कशाला?"

मागच्या बाकावरचे लोक हसले. कॉन हसला नाही. "लार, दोन्हीतलं एक सोड. एका माणसाला दोन देश नसतात."

"देश? अरे माझा आजोबा खेळायचा तो खेळ. त्याने इंग्लंड नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं."

"एक सोड म्हणतोय."

"आणि तू कुणाच्या हातची काठी वापरतोस? ती पण सोड मग."

त्याला काढलं. अंतिम सामना आमची पॅरिश एका गुणाने हरली. एका गुणाने! त्या एका गुणाचं खापर बारा वर्षं लारच्या डोक्यावर फुटत राहिलं. लोक त्याच्याशी बोलायचे, पण तोंड भरून नाही. काठ्या त्याच्याकडूनच घ्यायचे. क्रिकेटची टीम हळूहळू विरली आणि मैदानात मेंढ्या चरायला लागल्या. लारने लग्न केलं नाही. आई गेल्यावर तो दुकानामागच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा.

१९२० च्या जूनमध्ये कॉन होलोहनने त्याच्या दुकानाचा उंबरा ओलांडला. कॉन आता मास्तर राहिला नव्हता. इंग्रजांविरुद्ध लपून लढणाऱ्या आमच्या भागातल्या स्वयंसेवकांचा तो कमांडर होता आणि महिनोन्‌महिने स्वतःच्या घरी झोपला नव्हता. त्याच्याबरोबर सायकल धरून एक वीस वर्षांची मुलगी होती, नोनी शॉर्टल. ती निरोप पोचवण्याचं काम करायची. पुढे ती माझी आई झाली. दुकानात काय बोलणं झालं ते मला तिच्याकडून कळलं, आणि लारकडूनही. दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं, तरी शब्द जवळजवळ तेच होते.

"तुला क्रिकेट खेळायचंय," कॉन म्हणाला.

लारने रंधा खाली ठेवला. "बंदी आहे म्हणे त्याला."

"टोमणे नंतर मार. गावाबाहेरच्या गिरणीत इंग्रजांचे चाळीस शिपाई आहेत. त्यांचा कॅप्टन पेलम कंटाळून गेलाय. मोठ्या घरातल्या मिसेस प्रायरना त्याने दोनदा विचारलंय, गावाची टीम निघेल का म्हणून. तू काढ टीम. महिनाअखेरीला, पीटर-पॉलच्या सणाला. निम्म्याहून जास्त शिपाई मैदानावर येतील. पाचला आम्ही गिरणीत शिरतो. बंदुका गवताच्या गाडीत भरायच्या, गाडी पूल ओलांडून डोंगराकडे वळवायची. शिपायांचा परतीचा रस्ता त्याच पुलावरून आहे. सहा वाजेपर्यंत ते मैदानावर हवेत. त्याआधी एकही माणूस हलता कामा नये."

"सामना कधी संपेल ते माझ्या हातात नसतं, कॉन."

"तुझ्या हातात असतं. म्हणून तर आलो."

लारने रंध्यावरचा भुसा फुंकला. मग म्हणाला, "गाव मला फाडून खाईल."

"दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. टीममधल्यांनाही नाही. नोनी कुंपणाच्या भिंतीपाशी असेल. काही बिनसतंय असं वाटलं तर ती आडवाटेने पुलावर येऊन कळवेल. आणि हे सगळं संपल्यावर मी स्वतः वेदीसमोर उभा राहून गावाला सांगेन, लार टीहन कुणाच्या हुकमाने खेळला ते."

"आणि तू नसलास तर?"

"नोनी आहे की," कॉन म्हणाला आणि माझ्या आईकडे बघून हसला.

लारने टीम कशीबशी जमवली. मोठ्या घराचा माळी, गाडीवान, डॉक्टर, दोन प्रोटेस्टंट शेतकरी, पोस्टातला कॉमरफोर्ड, आणि जुन्या टीममधले दोघे-तिघे, ज्यांना आता कुणाचीच पर्वा नव्हती. गावात बातमी फुटली तेव्हा लारच्या दारावर कुणीतरी शेण फासलं. त्याने ते धुतलं आणि खेळपट्टीवरचं गवत कापायला गेला.

त्या दिवशी ऊन होतं. दोनला सामना सुरू झाला. शिपाई पंचवीस आले होते, दोन लॉऱ्या भरून, बंदुका भिंतीला टेकवून ठेवलेल्या. मिसेस प्रायर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आणि भिंतीपलीकडे रस्त्यावर गाव जमलं होतं. मैदानात कुणी पाय ठेवणार नव्हतं, पण बघायचं मात्र सगळ्यांना होतं.

"ए लार, राजाला सलाम ठोकलास का?"

"अरे, साहेबांना पाणी नेऊन दे!"

"याच्या बापाने पेटीत कूस बदलली असेल आज."

लारने ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं. शिपायांनी पहिली फलंदाजी केली आणि पावणेचारपर्यंत एकशे सव्वीस धावांवर त्यांचा डाव संपला. लारने मुद्दाम संथ बोलिंग केली, तरी चार बळी त्याच्याच नावावर लागले.

चहाच्या वेळी शिपायांचा वेगवान बोलर त्याच्याशेजारी गवतात येऊन बसला. ठेंगणा, काळ्या केसांचा, बोटांच्या पेरांत कोळशाचे निळे डाग. आयव्हर प्रॉसर नाव.

"तुमच्यातले ते लोक मला इंग्लिश डुक्कर म्हणाले," तो म्हणाला. "सांग त्यांना, मी वेल्श आहे."

"तर काय म्हणतील, वेल्श डुक्कर?"

प्रॉसर हसला. "आमच्या खोऱ्यात पण आम्ही खेळतो. खाणीतून वर आलं की थेट मैदानात. माझा भाऊ तर इतका चांगला खेळतो की कुणीतरी म्हणालं, हा एक दिवस इंग्लंडकडून खेळेल. वेल्सची टीमच नाही ना. चांगला खेळलास की तू इंग्लिश, वाईट खेळलास की वेल्श."

"मग तू कुणाकडून खेळतोस?"

प्रॉसरने अंगातल्या पांढऱ्या शर्टाची कॉलर धरून दाखवली. "ज्यांनी कपडे दिले त्यांच्याकडून."

लार मला म्हणाला होता, "त्या दिवशी मैदानावर माझ्याशी माणसासारखं बोलला तो तेवढा एक."

चारला आमच्या गावाचा डाव सुरू झाला आणि विकेट पडायला लागल्या. माळी, गाडीवान, डॉक्टर. प्रॉसरचा चेंडू दिसायचा नाही. पाचला दहा मिनिटं असताना आमच्या सात बाद एकसष्ट होत्या. लार एका टोकाला उभा. दुसऱ्या टोकाला पोस्टातला कॉमरफोर्ड, ज्याला बॅट कशी धरायची हेही धड ठाऊक नव्हतं. सगळे बाद झाले तरी सामना संपणार होता. म्हणून लारने कॉमरफोर्डला शक्यतो चेंडू खेळूच द्यायचा नाही असं ठरवलं. येईल तो चेंडू पायाशीच अडवायचा, षटकाच्या शेवटी एक धाव काढायची आणि पुन्हा तेच. चर्चचा मनोरा मैदानावरून दिसतो. मनोऱ्यावरचं घड्याळ तो मधूनमधून बघत होता.

असं त्याला तासभर करता आलं असतं. त्याच्यात तेवढा धीर होता. या गोष्टीतलं वाईट तेच आहे.

भिंतीवरून ओरड सुरूच होती. "साहेबांना दमवू नकोस रे!" "मारायला भितोस का?" आणि मग कॅप्टन पेलम, जो यष्टींच्या जवळ क्षेत्ररक्षणाला उभा होता, अगदी मनापासून म्हणाला, "टीहन, काय शांत डोकं आहे तुझं. आयरिश माणसात हे नसतं. ते भडकतात, घाई करतात. तू चुकून इथे जन्मलास. खरं म्हणजे तू आमच्यातलाच."

बत्तीस वर्षांनी लार मला म्हणाला, "त्याने शिवी दिली असती तर गिळली असती मी. बारा वर्षं तेच गिळत होतो. पण त्याने मला त्यांच्यातला केलं. तेच, जे कॉनने केलं होतं. भिंतीवरचे लोक करत होते तेच. मग मला वाटलं, थांबा आता."

पुढचा चेंडू त्याने भिंतीपलीकडे मारला.

लोक एकदम गप्प झाले. एका पोराने चेंडू शोधून आत फेकला. त्यानंतरचा चेंडू मिसेस प्रायरच्या खुर्चीमागे गेला. प्रॉसर आला, त्यालाही दोनदा कुंपणाबाहेर. आणि मग भिंतीवरून कुणीतरी ओरडलं, "मार, लार!" एकच आवाज. मग दुसरा. मग सगळी भिंत. ज्यांनी दारावर शेण फासलं होतं ते, ज्यांनी बापाला कूस बदलायला लावली होती ते, सगळे. "मार, लार, मार! दाखव त्यांना!"

बारा वर्षांनी गाव त्याचं नाव घेत होतं. तो म्हणाला, "घड्याळ तिथेच होतं. मी बघितलंच नाही."

विजयाची धाव त्याने चौकार मारून काढली. लोक भिंतीवरून उड्या टाकून आत घुसले. त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यातला एक खांदा माझ्या वडिलांचा होता. वडिलांनी हे मला एकदाच सांगितलं, आणि तेही पिऊन आलेले असताना. खांद्यावर बसल्यावर माणूस उंच होतो. लारला लोकांच्या डोक्यांवरून मनोरा दिसला. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"खाली घ्या मला," तो ओरडायला लागला. लोकांना वाटलं लाजतोय.

तो धडपडत कॅप्टनपर्यंत पोचला. "अजून एक डाव खेळू या, कॅप्टन. पाच-पाच षटकांचा. उजेड दहापर्यंत आहे." पेलमचा चेहरा पडलेला होता. शेतकऱ्यांसमोर, माळ्यासमोर हरला होता तो, आणि पूर्ण गाव नाचत होतं. "पुन्हा कधीतरी," तो म्हणाला. लारने बिअर देऊ केली, लेमोनेड देऊ केलं, शेवटी लॉरीसमोर जाऊन उभा राहिला. प्रॉसरने त्याला हाताला धरून बाजूला केलं. "छान खेळलास," म्हणाला, "जा, घरी जा." लॉऱ्या सुटल्या तेव्हा साडेपाच झाले होते.

मैदानात लोक अजून गात होते, तेव्हा पुलाच्या बाजूने गोळ्यांचे आवाज आले. आधी दोन-तीन, मग एकसारखे. गाणं मधेच थांबलं.

गवताची गाडी नुकती पुलावर चढली होती. कॉन होलोहन घोड्याचा लगाम धरून पुढे चालत होता. तो तिथेच पडला. गाडीवर माझा मामा होता, डिनी शॉर्टल, एकोणीस वर्षांचा. तो पाण्यात पडला आणि दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला. शिपायांपैकी एकच मेला. आयव्हर प्रॉसर. बंदुका शिपायांनी परत नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी येऊन आमची डेअरी जाळली आणि होलोहनांचं आणि शॉर्टलांचं घर पेटवलं. आजी अंगणात खुर्चीवर बसून बघत होती म्हणे.

आठवड्याने तीन माणसं लारच्या दुकानात आली. डोंगरातल्या स्वयंसेवकांपैकी, आमच्या गावची नव्हती. त्यांचं म्हणणं, शिपाई लवकर निघाले म्हणजे त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. आणि त्यांच्याशी दिवसभर बोलत कोण होता? लारने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि कोट चढवला. एकही प्रश्न विचारला नाही. ते त्याला घेऊन खाणीच्या वाटेला लागले, तेव्हा माझी आई सायकलवरून आडवी आली.

"त्याला सोडा. कॉननेच त्याला खेळायला सांगितलं होतं. मी समोर होते."

"मग सामना लवकर का संपला?"

"सामना होता," आई म्हणाली. "सामने संपतात."

त्यांनी त्याला सोडलं. पण गावात हे कुणी बोललं नाही. मेलेल्या कमांडरने क्रिकेटच्या भरवशावर माणसं पुलावर नेली, हे त्या तिघांना सांगायचं नव्हतं. कॉन आणि डिनीवर पुढे गाणं झालं. त्यात पूल आहे, उन्हाळा आहे, पण मैदान नाही. आणि गावाला काय सांगायचं होतं? आपण भिंतीवर चढून ओरडत होतो, हे? ज्या खांद्यांनी त्याला उचललं होतं, त्यांनी त्याच्याकडे पाठ केली. काही वर्षांनी लोकांना खरंच वाटायला लागलं की आपण त्या दिवशी मैदानापाशी नव्हतोच. लार टीहन शिपायांशी क्रिकेट खेळला आणि आपली पोरं मेली, एवढंच उरलं.

तो गाव सोडून गेला नाही. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर एकटा बसायचा. काठ्या करत राहिला. शहरातला एक दुकानदार त्या घेऊन जायचा आणि आमच्या पॅरिशची मुलं शहरात जाऊन त्याच विकत आणायची. कुणाच्या हातच्या ते सगळ्यांना कळायचं. उन्हाळ्यात कधी कधी तो रविवारी बारा मैल चालत जायचा. आमच्याकडच्या एका ट्रकवाल्याला एकदा तो दूरच्या एका शाळेच्या मैदानाबाहेर, झुडपाआड उभा राहून मुलांचं क्रिकेट बघताना दिसला. गावात आल्यावर ट्रकवाल्याने ते सगळ्यांना सांगितलं. तेवढंच एक कारण कमी पडत होतं जणू.

१९५२ मध्ये पुलावर स्मारकाचा दगड बसवायचं ठरलं. मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. समितीने मला दहा-बारा पानांची पुस्तिका लिहायला सांगितली. मी आईला विचारायला गेले, तेव्हा चहा गाळता गाळता तिने पहिल्यांदा सांगितलं की लार हुकमाने खेळला होता. दुकानातलं बोलणं सांगितलं, त्याहून जास्त काही सांगेना. मग मी थेट लारकडे गेले. दुकानात पाय ठेवला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, आणि तोपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

त्याने स्टूल पुसून दिलं. सगळं सांगितलं, काही न वगळता, जसं मी वर लिहिलंय.

"मी हे छापणार," मी म्हणाले. "तुम्ही कॉनच्या हुकमाने खेळलात. गावाला कळू दे एकदाचं."

"छाप. पण पुढचं पण छाप. मला सहापर्यंत टिकायचं होतं आणि मी टिकलो नाही."

"ते कशाला? तेवढं सोडून..."

"नाही बाई. अर्धं छापलंस तर मी चांगला माणूस ठरेन. सगळं छाप, नाहीतर काहीच नको."

"तुम्ही बत्तीस वर्षं गप्प का बसलात मग?"

त्याने बाकावरचा भुसा हाताने झटकला. "ते मला शिपायांचा मित्र म्हणतात. ते परवडतं मला. खरं काय ते कळलं असतं, तर शॉर्टलांच्या म्हातारीने मला काय म्हटलं असतं? की माझा मुलगा तू टाळ्यांसाठी मारलास. त्यापेक्षा हे बरं."

मी सगळं लिहिलं. समितीने पाच पानं परत पाठवली. छापलेल्या पुस्तिकेत एक ओळ आहे: "त्या दिवशी बरेचसे शिपाई कामानिमित्त बाहेर होते."

लार १९५९ च्या फेब्रुवारीत गेला, छातीत पाणी होऊन. दफनाला पाद्री, शहरातला तो दुकानदार, मी आणि खड्डा खणणारे दोघे. आई फाटकाबाहेर सायकल धरून उभी होती. आत आली नाही.

त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मी भिंतीपाशी होते."

"माहीत आहे. कॉनने तुला तिथे थांबायला सांगितलं होतं."

"त्याने पहिला चेंडू भिंतीवरून मारला, तेव्हाच मला निघायला हवं होतं. मला कळलं होतं काय होणार ते. पुलाची आडवाट वीस मिनिटांची. आरामात पोचले असते. गाडी मागच्या मागे वळवता आली असती." ती सोलत राहिली. "सायकल खंदकात टाकली आणि भिंतीवर चढले. 'मार, लार' असं सगळ्यात आधी कोण ओरडलं माहिती आहे?"

मी चुलीत एक लाकूड सारलं.

"डिनीला पोहायला यायचं," ती म्हणाली. "गोळी पायाला लागली होती."

"त्याला कधी सांगितलं नाहीस? लारला? एकोणचाळीस वर्षं?"

"सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तुझी काही चूक नाही, नोनी. तसाच होता तो. मला ते त्याच्या तोंडून ऐकवलं नसतं."

तिने सोललेले बटाटे पाण्यात टाकले आणि चुलीवर ठेवायला उठली. त्यानंतर चार वर्षं ती जगली. या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. गेल्या वर्षी, १९७१ मध्ये, परक्या खेळांवरची ती बंदी उठली. आमच्या पॅरिशमध्ये त्यावर मत घेतलं, तेव्हा शाळेच्या त्याच खोलीत हात वर झाले. विरोधात एकही हात नव्हता. पाच मिनिटांत काम आटोपलं आणि लोक चहाला गेले.